विधानमंडळाची विनंती अर्ज समिती : नागपूर व विदर्भातील नागरिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की सिव्हिल लाइन्स, रविभवन आणि आमदार निवास या भागांत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये निवेदन घेऊन फिरणारी माणसे दिसू लागतात. कोणी गडचिरोलीहून रात्रीच्या बसने आलेले असते, तर कोणी उमरेडहून सकाळी निघालेले असते. मंत्र्यांना निवेदन देऊन, फोटो काढून ती परततात. लोकांच्या गाऱ्हाण्यांसाठी विधानमंडळाची एक स्वतंत्र समिती असते आणि तिच्याकडे जाण्याची नियमांनी आखलेली वाट असते, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वाटेविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रक्रियेचे तपशील जेथे लोकसभेच्या नियमांवरून सांगितले आहेत तेथे तसा उल्लेख आहे. राज्यांच्या विधानमंडळांचे नियम साधारण त्याच साच्यातले असतात. मात्र महाराष्ट्रात अर्ज करताना त्या त्या सभागृहाची नियमांची पुस्तिका एकदा उघडून पाहावी.

निवेदन आणि विनंती अर्ज यांत फरक काय?

निवेदन एखाद्या व्यक्तीला किंवा कार्यालयाला दिले जाते. ते मुख्यमंत्र्यांच्या ‘रामगिरी’ बंगल्यावर दिले काय किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात दिले काय, त्याचे पुढे काय करायचे हे स्वीकारणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ‘तपासून सादर करा’ असा शेरा मारून ते खाली पाठवले जाते आणि बहुतेक वेळा ज्या टेबलाविरुद्ध तक्रार असते त्याच टेबलावर येऊन थांबते. विनंती अर्ज मात्र सभागृहाला उद्देशून केलेला असतो. तो ठरावीक नमुन्यात लिहिला जातो, सदस्यामार्फत सभागृहात सादर होतो, त्याची कामकाजात नोंद होते आणि तो समितीकडे जातो. समिती त्यावर संबंधित विभागाकडून लेखी उत्तर मागवते. निवेदन देणे चुकीचे आहे असे नाही. मात्र निवेदन दिले म्हणजे विधानमंडळाकडे दाद मागितली, ही समजूत चुकीची आहे. ‘याचिका’ हा शब्दही लोक सरसकट वापरतात, पण मराठी व्यवहारात तो न्यायालयातील प्रकरणांसाठी रुळला असल्याने येथे तो टाळणेच बरे.

ही समिती कोणाची असते? ती सरकारी समिती आहे का?

नाही. ती सभागृहाची समिती आहे. महाराष्ट्राच्या विधानमंडळाला विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहे असून विनंती अर्ज समिती दोन्हीकडे असते. तिच्यावर सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे सदस्य असतात. लोकसभेच्या समितीत किमान १५ सदस्य असतात आणि त्यांची नेमणूक अध्यक्ष करतात. राज्यसभेच्या समितीत १० सदस्य असतात. लोकसभेच्या नियमांनुसार मंत्र्याला या समितीवर नेमता येत नाही आणि सदस्य नंतर मंत्री झाला तर त्याचे समितीवरील सदस्यत्व संपते. ज्या विभागाच्या कारभाराविरुद्ध गाऱ्हाणे असते, त्या विभागाचा मंत्रीच ते ऐकायला बसला तर समिती आणि मंत्रालय यांत अंतर उरणार नाही, हे त्यामागील साधे कारण आहे.

ही पद्धत केव्हापासून आहे?

भारतातील विधिमंडळ समित्यांपैकी ही सर्वांत जुन्या समित्यांमध्ये मोडते. तिचे मूळ १५ सप्टेंबर १९२१ रोजी त्या वेळच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, मांडल्या गेलेल्या ठरावात आहे. केंद्रीय विधिमंडळात २० फेब्रुवारी १९२४ रोजी पहिली समिती नेमली गेली आणि १९३१ साली तिच्या नावातील ‘सार्वजनिक’ हा शब्द गळून आजचे नाव आले.

अर्ज करून दाद मागण्याची मराठी माणसाची सवय त्याहून बरीच जुनी आहे. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे तळ ठोकून होते. १८५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला होता, आणि १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचेही बरेचसे काम अर्ज लिहिण्याचेच होते. त्या काळी अर्ज सातासमुद्रापार पाठवावे लागत आणि ऐकणारे सभागृह आपले नसे.

अर्ज कोण करू शकतो? किती सह्या लागतात?

एक नागरिकही अर्ज करू शकतो. गाव, वस्ती, संघटना किंवा गृहनिर्माण संस्था यांनाही तो करता येतो. लोकसभेच्या नियमांत सह्यांची किमान संख्या ठरवलेली नाही. सही करणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि पत्ता मात्र असावा लागतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने अंगठा उठवावा लागतो. पाच हजार सह्यांचा गठ्ठा जोडला म्हणजे अर्जाला वजन येते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. छाननीच्या टेबलावर मात्र, पत्ता नसलेल्या हजार सह्यांपेक्षा नीट नाव-पत्ता असलेल्या चाळीस सह्या अधिक उपयोगी पडतात.

इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये ऑनलाइन अर्जाला १०,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देते आणि १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडील पद्धत त्या धर्तीची नाही. येथे विषय आणि मांडणी यांना महत्त्व आहे.

कोणत्या विषयांवर अर्ज चालतो आणि कोणत्यांवर चालत नाही?

सर्वाधिक अर्ज याच टप्प्यावर बाद होतात, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

लोकसभेच्या नियमांत तीन प्रकारच्या विषयांवर अर्ज स्वीकारला जातो. प्रसिद्ध किंवा मांडल्या गेलेल्या विधेयकावर, सभागृहापुढे प्रलंबित असलेल्या कामकाजाशी संबंधित बाबीवर आणि सर्वसाधारण सार्वजनिक हिताच्या कोणत्याही बाबीवर. नागरिकांचे बहुतेक अर्ज तिसऱ्या प्रकारात येतात आणि त्या तिसऱ्या प्रकारालाच अपवाद जोडलेले आहेत. न्यायालयापुढे, न्यायाधिकरणापुढे किंवा चौकशी आयोगापुढे असलेला विषय चालत नाही. जो विषय सभागृहात ठराव किंवा स्वतंत्र प्रस्ताव आणून मांडता येतो, तो चालत नाही. ज्या तक्रारीवर कायद्याने, नियमाने किंवा उपविधीने दाद मागण्याची सोय आधीच केलेली आहे, तीही चालत नाही.

शेवटचा अपवाद लोकांना सर्वाधिक खटकतो. समजा, एखाद्याचा सातबाऱ्यावरील फेरफार तलाठ्याने चुकीचा नोंदवला. त्यावर महसूल कायद्यात अपील आहे, त्यामुळे तो विषय समितीचा नाही. पण एखाद्या तालुक्यात फेरफाराची प्रकरणे सर्वांचीच रखडलेली असतील आणि त्यामागे शासनाच्या एखाद्या परिपत्रकातील गोंधळ असेल, तर प्रश्न एका माणसाचा राहत नाही आणि तो सार्वजनिक हिताचा म्हणून मांडता येतो. वैयक्तिक गाऱ्हाण्यातून सार्वजनिक मुद्दा कसा काढायचा, हे ज्याला साधले त्याच्या अर्जाचे अर्धे काम तेथेच झाले असे समजावे.

न्यायप्रविष्ट विषयाचे नागपूरकरांच्या आठवणीतले उदाहरण द्यायचे तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचे देता येईल. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर तलावाच्या सुरक्षिततेचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. अशा स्थितीत त्याच मुद्द्यावर केलेला विनंती अर्ज छाननीत अडकतो. न्यायालयापुढे नसलेला एखादा वेगळा, स्वतंत्र मुद्दा असेल तरच पुढे जाण्यात अर्थ असतो आणि तो वेगळा आहे हे अर्जातच स्पष्ट करावे लागते.

माझा विषय राज्याचा आहे की केंद्राचा, हे कसे ओळखावे?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या याद्या आहेत. जमीन, पाणी, पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक संस्था हे राज्याकडे आहेत. रेल्वे, संरक्षण, टपाल आणि राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राकडे आहेत. अजनीच्या रेल्वे पुलाविषयी रेल्वेकडून काही हवे असेल तर विधानभवनाकडे जाऊन उपयोग नाही, तो विषय संसदेच्या समितीकडे जातो. उलट, राज्याच्या विधानमंडळात मांडण्याजोगा विषय लोकसभेची समिती घेत नाही, तसे तिच्या नियमातच म्हटले आहे.

काही विषय मात्र दोन्हीकडे पाय ठेवून असतात. गोसीखुर्द हे त्याचे ठळक उदाहरण. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाल्याने केंद्राचा पैसा आला, पण भूसंपादन आणि पुनर्वसन यांची अंमलबजावणी राज्याच्याच यंत्रणेकडे राहिली. पुनर्वसित गावठाणातील पाणी, रस्ते आणि मोबदला यांविषयीचा अर्ज राज्याच्या विधानमंडळाकडेच करावा लागेल. अशा वेळी ‘हा प्रकल्प दिल्लीचा आहे’ असे उत्तर खालच्या कार्यालयातून मिळाले तर ते ग्राह्य धरू नये.

विधानसभेकडे जावे की विधान परिषदेकडे?

अर्ज दोन्हीकडे करता येतो, पण एकच अर्ज एकाच वेळी दोन्हीकडे करू नये. विधानसभेत २८८ सदस्य असतात आणि विषय एका मतदारसंघापुरता असेल तर त्या भागाच्या आमदारामार्फत जाणे सोयीचे असते. नागपूर जिल्ह्यात असे १२ मतदारसंघ आहेत. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांत पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक संस्था यांचे प्रतिनिधी असतात. शिक्षकांच्या सेवाशर्ती किंवा संपूर्ण विभागाला लागू असलेला विषय परिषदेच्या सदस्यामार्फत नेणे अनेकदा अधिक फलदायी ठरते.

अर्ज कसा लिहावा?

अर्ज सभागृहाला उद्देशून असावा. तो मंत्र्याला, सचिवाला किंवा समितीच्या प्रमुखांना उद्देशून लिहिला तर ते निवेदन होते. लोकसभेच्या नमुन्याप्रमाणे आरंभी अर्जदाराची ओळख, मग वस्तुस्थितीचे संक्षिप्त कथन आणि शेवटी नेमकी मागणी, असा क्रम असतो. भाषा आदरयुक्त, सभ्य आणि संयमित असावी, असे नियमच सांगतो.

तरीही प्रत्यक्षात लोक पहिली तीन पाने संताप व्यक्त करण्यात घालवतात. ‘झोपेचे सोंग घेतलेल्या प्रशासनाला’ यासारखी वाक्ये मोर्चाच्या पत्रकात शोभतात. अर्जात त्यांच्यामुळे दोन गोष्टी होतात. छाननी करणारा अधिकारी ती भाषा नियमात बसत नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवू शकतो, आणि विभागाला मूळ मुद्द्याऐवजी भाषेवर उत्तर देण्याची सवड मिळते. वस्तुस्थिती तारखांनिशी सांगावी. अमुक दिवशी अर्ज दिला, अमुक क्रमांकाचे उत्तर आले, अमुक शासन निर्णयात असे म्हटले आहे, प्रत्यक्षात तसे घडलेले नाही, एवढे पुरते.

सर्वांत जास्त काळजी मागणीच्या परिच्छेदाची घ्यावी. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही मागणी नव्हे. तिला ‘योग्य ती कार्यवाही चालू आहे’ असे उत्तर येते आणि विषय तेथेच मिटतो. ‘अमुक गावठाणातील पाणीपुरवठा योजना अमुक शासन निर्णयाप्रमाणे पूर्ण करून हस्तांतरित करावी’ असे लिहिले म्हणजे विभागाला होय किंवा नाही यांपैकी एक बाजू घ्यावी लागते. एका अर्जात एकच विषय असावा. रस्ता, शाळा, स्मशानभूमी आणि गावातील दारूचे दुकान असे सगळे एकाच अर्जात कोंबले की तो चार विभागांत फिरतो आणि प्रत्येक विभाग उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो.

अर्ज मराठीत चालतो का?

महाराष्ट्राच्या विधानमंडळात अर्थातच चालतो. लोकसभेकडे मराठीत अर्ज करायचा असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. येथे संविधानाच्या अनुच्छेद ३५० ची आठवण करून देणे योग्य होईल. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे अथवा प्राधिकरणाकडे तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अभिवेदन देण्याचा हक्क तो प्रत्येक व्यक्तीला देतो. मराठी अर्ज इंग्रजीत करून आणा, असे महाराष्ट्रातील एखाद्या सरकारी खिडकीवर सांगितले गेले तर हा अनुच्छेद दाखवावा.

सोबत पुरावे, छायाचित्रे आणि कागदपत्रे जोडावीत का?

लोकसभेच्या नियमांत अर्जासोबत पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागद जोडण्यास मनाई आहे. अर्ज स्वतःच्या पायावर उभा राहावा, अशी अपेक्षा असते. म्हणून महत्त्वाच्या कागदाचा क्रमांक आणि तारीख मजकुरातच द्यावी आणि मूळ कागद घरी व्यवस्थित लावून ठेवावेत. समितीने मागितले की ते देता येतात.

आमदारांची सही कशासाठी लागते आणि त्यांनी नकार दिला तर?

सदस्यामार्फत सादर होणाऱ्या अर्जावर त्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी असते. तिचा अर्थ सदस्य तुमच्या मागणीशी सहमत आहे असा होत नाही; अर्ज नमुन्यानुसार आहे आणि आपण तो सादर करण्यास तयार आहोत, एवढाच होतो. ही गोष्ट सदस्याला शांतपणे सांगितली तर अनेकदा संकोच दूर होतो, विशेषतः सत्ताधारी बाजूच्या आमदाराचा. तो तरीही नाही म्हणाला तर दुसऱ्या कोणत्याही सदस्याकडे जाता येते. आपल्याच मतदारसंघाचा आमदार हवा, असे बंधन नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत मात्र जाऊ नये, कारण तेव्हा आमदार निवासाच्या व्हरांड्यात तुमच्यासारखे शंभर जण उभे असतात.

सभागृहात सादर होताना चर्चा होते का?

होत नाही. अर्ज अमुक विषयावर असून त्यावर इतक्या जणांच्या सह्या आहेत, अशा आशयाचे ठरीव वाक्य सदस्य उच्चारतो आणि अर्ज सादर होतो. हे सगळे अर्ध्या मिनिटात उरकते. प्रेक्षक गॅलरीचा पास मिळवून गावाहून आलेल्या लोकांचा येथे हिरमोड होतो. खरे काम पुढे, बंद खोलीत होते.

समितीपुढे नेमके काय घडते?

प्रथम सचिवालय अर्जाची छाननी करते. अर्ज ग्राह्य ठरला की समिती संबंधित विभागाकडे तो पाठवून अभिप्राय मागवते. विभागाचे उत्तर साधारणपणे दोन प्रकारचे असते. काही उत्तरांत माहिती असते आणि काहींत मजकूर असतो. दुसऱ्या प्रकारचे उत्तर आले किंवा अर्जदाराचे आणि विभागाचे म्हणणे परस्परविरोधी निघाले तर समिती विभागाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावते.

समितीचा खरा अधिकार येथे दिसतो. लोकसभेच्या नियमांनुसार समितीला व्यक्ती, कागदपत्रे आणि अभिलेख मागवता येतात. साक्ष शपथेवर घेता येते. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक ठरेल असे कारण देऊन सरकार एखादा कागद नाकारू शकते, पण ‘फाइल सापडत नाही’ हे त्या कारणांत बसत नाही. जे उत्तर तालुक्याच्या कार्यालयात नागरिकाला उभ्या उभ्या दिले जाते, तेच उत्तर सचिवाला सर्व पक्षांच्या आमदारांसमोर, शब्दशः नोंद होत असताना द्यावे लागते. अनेक प्रकरणे अहवाल लिहिण्यापूर्वीच सुटतात ती यामुळे. साक्षीची तारीख पडली की विभाग खालच्या कार्यालयाला हलवतो, आणि वर्षभर अडलेले काम त्या तारखेच्या आत निघते. यात समितीने हुकूम दिलेला नसतो, तिने फक्त विचारलेले असते.

समितीच्या बैठका खासगी असतात. लोकसभेत त्यांची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एकतृतीयांश इतकी आहे. गरज पडल्यास समित्या दौरा करून जागेची पाहणीही करतात. सभागृहाला अहवाल सादर होईपर्यंत साक्ष आणि मसुदा गोपनीय राहतो. बैठकीत काय झाले हे बाहेर येऊन बातमीदाराला सांगितले तर हक्कभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो, हे अर्जदारानेही लक्षात ठेवावे.

मला साक्षीसाठी बोलावले तर काय करावे?

जावे. वकील लागतोच असे नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, जे प्रत्यक्ष पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगळे ठेवावे, आणि माहीत नसेल तर तसे सांगावे. समितीपुढे खोटी साक्ष देणे हा सभागृहाचा अवमान ठरतो. तितकेच महत्त्वाचे म्हणजे साक्ष दिल्याबद्दल कोणी धमकावले किंवा त्रास दिला तर तोही सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग असतो आणि तो लेखी कळवता येतो. अनुच्छेद १९४ मधून विधानमंडळाला मिळालेल्या विशेषाधिकारांचा सामान्य माणसाला थेट उपयोग होतो, अशा थोड्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक असते का?

नसते. या प्रश्नाचे गोलमोल उत्तर देऊन लोकांच्या अपेक्षा वाढवणे बरे नव्हे. समिती शिफारस करते, सभागृहाला अहवाल देते आणि सरकारने काय कार्यवाही केली याची विचारणा करते. अंमलबजावणी सरकारच्या हाती राहते.

मग उपयोग काय, याचे उत्तर माजी सैनिकांच्या ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीच्या इतिहासात मिळते. या मागणीचा अर्ज राज्यसभेच्या समितीकडे गेला. भगतसिंग कोश्यारी तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. तेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीने डिसेंबर २०११ मध्ये मागणीच्या बाजूने अहवाल दिला. त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०१५ रोजी, केंद्र सरकारने योजनेचा आदेश काढला आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू केली. योजनेचे स्वरूप समितीने सुचवल्याप्रमाणे नाही, असे म्हणत माजी सैनिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की समितीच्या अहवालातून मागणीची पार्श्वभूमी आणि समितीचे मत कळते, पण तो सरकारच्या धोरणाचे विधान मानता येणार नाही.

समितीची ताकद आणि मर्यादा या दोन्ही या एका प्रकरणात दिसतात. वर्षानुवर्षे मैदानांवर मांडली गेलेली मागणी समितीच्या अहवालामुळे संसदेच्या कागदावर आली, कोणत्याही सरकारला तिच्याकडे काणाडोळा करणे अवघड झाले. मात्र त्या अहवालाच्या जोरावर न्यायालयातून अंमलबजावणी करून घेता आली नाही.

इतकी खटपट करण्यापेक्षा मोर्चा काढला तर लवकर काम होत नाही का?

कधी कधी होतेही. यशवंत स्टेडियमपासून निघणारे आणि टेकडी मार्गावर किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवले जाणारे मोर्चे हा नागपूरच्या अधिवेशनाचा भाग आहे आणि त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मोर्चाने प्रश्न दिसतो, मंत्री शिष्टमंडळाला भेटतात, आश्वासन देतात. पण ते आश्वासन सभागृहात दिलेले नसल्यामुळे, मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीच्या कक्षेतही येत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनाकडे निघालेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. त्यांचे स्मारक शहरात आहे. त्यांची मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती, आणि अनुच्छेद ३४२ प्रमाणे त्या यादीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेचा आहे. मागणी कोणाच्या अधिकारात आहे हे मोर्चेकऱ्यांना सांगण्याची जबाबदारी त्यांच्यापुढे भाषणे करणाऱ्यांची असते, असे या पानाच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मोर्चा आणि अर्ज यांत निवड करण्याची गरज नाही. मोर्चाच्या शिष्टमंडळाने आत जाताना निवेदनाबरोबर, सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीचा विनंती अर्जही तयार ठेवावा.

समिती फक्त अधिवेशनाच्या काळात काम करते का? नागपूरच्या लोकांनी मुंबईला जायचे का?

समितीचे काम अधिवेशनावर अवलंबून नसते. उलट बहुतेक बैठका दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात होतात. अर्ज सभागृहात सादर होण्यासाठी मात्र सभागृह भरलेले असावे लागते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यापासून, थोडे अपवाद वगळता, ते पाळले गेले आहे. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले. अलीकडे नागपूरचे अधिवेशन फार आखूड होत चालले आहे. २०२४ साली ते १६ ते २१ डिसेंबर एवढेच चालले. त्यामुळे अर्जाची तयारी अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर सुरू करणे उशिराचे ठरते. दिवाळीच्या आत मसुदा तयार असावा आणि नोव्हेंबरात सदस्याची भेट घ्यावी. नागपूरची संधी हुकली तरी मुंबईतील अर्थसंकल्पी किंवा पावसाळी अधिवेशनात तोच सदस्य तुमचा अर्ज सादर करू शकतो. त्यासाठी अर्जदाराने हजर राहण्याची गरज नसते.

एकाच अर्जाच्या प्रती वीस ठिकाणी पाठवल्या तर?

राष्ट्रपतींपासून ग्रामसेवकापर्यंत ‘प्रत माहितीसाठी’ पाठवण्याची आपल्याकडे हौस आहे. लोकसभेची समिती नमुन्यात नसलेली पत्रेही विचारात घेते, पण निनावी पत्रे, अपुरा पत्ता असलेली पत्रे आणि दुसऱ्याला लिहिलेल्या पत्राच्या नुसत्या प्रती ती सहसा बाजूला ठेवते. वीस जणांना पाठवलेला कागद आपलाच आहे असे त्या वीस जणांपैकी कोणालाही वाटत नाही.

अर्जाचे पुढे काय झाले हे कसे कळेल?

ज्या सदस्यामार्फत अर्ज दिला त्याच्याकडे आणि विधानमंडळ सचिवालयाकडे लेखी विचारणा करावी. माहितीच्या अधिकाराचाही उपयोग होतो, पण तो कुठे लावायचा हे समजून घ्यावे. ज्या माहितीच्या प्रकटनाने विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल, ती २००५ च्या अधिनियमाच्या कलम ८(१)(ग) अन्वये नाकारता येते, त्यामुळे समितीच्या बैठकीतील साक्ष मागून मिळणार नाही. विभागाकडील मूळ प्रकरणाची फाइल मात्र पाहता येते. योजनेला मंजुरी केव्हा मिळाली, निधी केव्हा आला, काम कोणत्या टप्प्यावर थांबले, हे विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारावे. अनेकदा त्या फाइलमधील टिपणीवरूनच साक्षीच्या वेळी समितीला कोणता प्रश्न विचारणे सोपे जाईल हे सुचते, आणि तो मुद्दा पूरक पत्राने सचिवालयाला कळवता येतो.

समितीकडे जाण्याआधी दुसरीकडे दाद मागावी का?

बहुतेक प्रकरणांत होय. दाखला, परवाना किंवा नोंद वेळेत मिळत नसेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करावे. जिल्हा पातळीवरील तक्रारीसाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. गैरव्यवहाराचा आरोप असेल तर लोकआयुक्तांचे कार्यालय आहे. त्यासाठी महाराष्ट्राने १९७१ सालीच कायदा केला. ही दारे ठोठावून झाली असतील तर त्यांचे पोच क्रमांक अर्जात लिहिता येतात आणि ‘दाद मागण्याची अन्य सोय उपलब्ध आहे’ हा आक्षेपही आधीच निकालात निघतो.

अर्ज प्रलंबित असताना विधानसभा विसर्जित झाली तर?

सभागृहासोबत त्याच्या समित्याही संपतात. लोकसभेच्या नियमांत, मुदतीत काम पूर्ण न झाल्यास समितीने तसे सभागृहाला कळवावे आणि तिने तयार केलेली टिपणे व घेतलेली साक्ष पुढच्या समितीला उपलब्ध करून द्यावी, अशी तरतूद आहे. तरीही अर्जदाराने यावर विसंबून राहू नये. नवी विधानसभा स्थापन होऊन समित्यांची नेमणूक झाली की जुन्या अर्जाचा विषय आणि सादर झाल्याची तारीख नमूद करून नव्या सदस्यामार्फत नवा अर्ज द्यावा. विधान परिषद विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, आणि तुमच्या अर्जावर प्रतिस्वाक्षरी करणारा सदस्य त्यांत आहे का, एवढे तेवढे पाहून ठेवावे.